डिचोलीतले आठ रविवार: अथेन्सच्या पुढाऱ्यांचा अभ्यासवर्ग

इथे गोव्यात, सांखळीच्या बाजारात गेल्या महिनाभरात मला तिघांनी एकच विचारलं, “डिचोलीच्या त्या वर्गाला जावं का? पैसे वसूल होतात का?” हातात भाजीची पिशवी धरून असल्या गोष्टीचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज निवांत बसून लिहितो.

वर्ग प्राचीन अथेन्सच्या पुढाऱ्यांवरचा. सोलोनपासून निकियास-अल्किबियाडिसपर्यंत कोणी त्या शहराचा कारभार कसा केला, कोणाच्या हातून शहर वर आलं, कोणाच्या हातून खाली गेलं, हा विषय. आठ रविवार, दुपारी चार ते सहा. फी ८०० रुपये. त्यात चाळीस पानांची छापील टिपणं, एक नकाशा आणि दर वेळी चहा. जागा बाजाराच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. शिकवणारे सर हायस्कुलातून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. सगळं मराठीतून. आमच्या तुकडीत एकतीस जण होतो. दोन माजी पंच, निवृत्त नर्स असलेल्या एक वैनी, बँकेतून रिटायर झालेले भाई, एक कुंभारकाका, कॉलेजची सहा-सात मुलं, आणि बाकी माझ्यासारखे.

मी ट्रकवाला. १९९८ साली पहिली गाडी घेतली आणि खनिजाच्या लाइनीत आलो. खाणीवर भरायची, आमोण्याच्या धक्क्यावर ओतायची, तिथून माल बार्जमध्ये चढायचा आणि मांडवीतून मुरगावला जायचा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या दोन गाड्या होत्या आणि दुसरीचे हप्ते चालू होते. २०१५ ला ती विकली. आज एका गाडीवर चिरे आणि खडी मारतो. हे आधीच सांगतो, कारण वर्गात जे ऐकलं ते मी याच कानांनी ऐकलं. वर्गात नाव मुलीने घातलं. ती पणजीला शिकते, जाहिरात तिने पाहिली आणि मला न विचारता फी भरून टाकली.

पहिल्या रविवारी नावांनीच घाम फुटला. सरांनी फळ्यावर एकेक नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सगळ्यांकडून तीनतीनदा मोठ्याने म्हणून घेतलं. थे-मि-स्टो-क्लिस. अ‍ॅ-रि-स्टाय-डिस. तिसऱ्या रविवारपर्यंत ही नावं वाड्यावरच्या माणसांसारखी तोंडात बसली. ज्यांना नावांची भीती वाटते त्यांनी एवढ्यावरून माघार घेऊ नये.

सुरुवात सोलोनची. इ.स.पू. ५९४. शेतात दगड उभे आहेत, म्हणजे त्या जमिनीवर कर्ज आहे. कर्ज फिटलं नाही तर माणूसच गहाण, त्याची बायकामुलं गहाण, काही तर परमुलखात विकलेली. सोलोनच्या हातात कारभार आला तेव्हा त्याने माणसाच्या देहावर कर्ज द्यायला बंदी केली, बाहेर विकलेल्या काहींना परत आणलं आणि ते दगड उपटले. आपण दगड उपटले हे त्याने स्वतःच्या कवितेत लिहून ठेवलंय. त्या कायद्याच्या नावाचा अर्थच ‘ओझं झटकून टाकणं’. श्रीमंतांना वाटलं फार दिलं, गरिबांना वाटलं जमीन वाटून द्यायला हवी होती. मग हा माणूस दहा वर्षं शहर सोडून प्रवासाला निघून गेला, कारण तिथे राहिला असता तर रोज कोणीतरी कायदा बदल म्हणून दारात आलं असतं. हप्ते थकलेल्या माणसाला सोलोन समजवायला फार वेळ लागत नाही. त्या संध्याकाळी मी घरी गेलो आणि जेवताना बायकोला पूर्ण गोष्ट सांगितली. खाणी बंद झाल्यापासून मी जेवताना एवढा बोललो नव्हतो, असं ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी क्लिस्थेनिस. इ.स.पू. ५०८ च्या सुमाराला त्याने अख्ख्या मुलखाची मांडणी बदलली. १३९ गावं-वाडे, त्यांच्या दहा जमाती, आणि प्रत्येक जमातीत एक तुकडा किनाऱ्याचा, एक शहराचा, एक आतल्या भागाचा. सरांनी हे गोव्याचा नकाशा घेऊन दाखवलं. पेडण्याचा एक किनारा, पणजीतले दोन वाडे आणि सत्तरीची चार गावं एकाच गठ्ठ्यात घातली. एक माजी पंच ताडकन म्हणाले, “सर, असं केलं तर माझा वॉर्डच राहणार नाही!” सर म्हणाले, “बरोबर. क्लिस्थेनिसला तेच पाहिजे होतं.” जुन्या घराण्यांच्या हातात जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती ती अशी मोकळी झाली. प्रत्येक जमातीतून पन्नास, म्हणजे पाचशे जणांचं मंडळ.

तिसरा रविवार पर्शियनांशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईचा, इ.स.पू. ४९०. चांगला झाला. पण लढाया माझ्या डोक्यात टिकत नाहीत, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चौथा रविवार. याच्यासाठी हा सगळा खटाटोप लिहायला बसलोय.

सर आले, खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, आज तुम्ही अथेन्सचे नागरिक. साल इ.स.पू. ४८३. शहरापासून दूर, दक्षिणेच्या टोकाकडे लॉरियन म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे चांदीच्या खाणी आहेत. त्यात आता एक मोठी शीर लागली आहे. तिजोरीत १०० टॅलंट चांदी जमली. एक टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो. आता या पैशाचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. रिवाज असा, की खाणीचा पैसा नागरिकांत वाटायचा. माणशी दहा द्राख्मा, म्हणजे तिथली चांदीची नाणी. आणि सभेत थेमिस्टोक्लिस नावाचा एक माणूस उभा राहून म्हणतो, वाटू नका, जहाजं बांधा. बोला.

मागून कोणीतरी म्हणालं, “म्हळ्यार आमकां कितें मेळटलें?” म्हणजे, मग आम्हाला काय मिळणार? सगळे हसले, आणि मग हसू थांबलं. कारण हा प्रश्न आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात कधी ना कधी खरोखर विचारलेला आहे.

गावकरी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची कोमुनिदाद, ज्यांना माहीत आहे त्यांना वाटप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोमुनिदादीच्या उत्पन्नातून गावकारांना झोण, म्हणजे आपला वाटा, मिळते. रक्कम कितीही लहान असो, ती घ्यायला माणूस जातो, कारण त्या पैशात ‘हा गाव माझाही आहे’ असं लिहिलेलं असतं. हे मी तिथे उठून बोललो. लोक नुसते लोभी नव्हते, दहा द्राख्मा हा त्यांचा मान होता. सरांनी मान हलवली. म्हणाले, हा मुद्दा मी तीन तुकड्या शिकवल्या, कोणी काढला नव्हता.

मग हात वर केले. बावीस हात वाटपाच्या बाजूने. त्यात माझा एक.

मी का वर केला ते सांगतो. २०१२ ला मला कोणी म्हणालं असतं की खनिजाचा पैसा आत्ता तुझ्या हातात देत नाही, तो पुढच्या पिढीसाठी ठेवतो, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. माझे हप्ते त्याच महिन्यात होते. पुढे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के भाग कायम निधीत ठेवायला सांगितला, तेव्हा आमच्या अड्ड्यावर त्याला कोणी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही. जमिनीतून निघालेली वस्तू एकदाच विकता येते, हे इतकी वर्षं ती वस्तू वाहून नेणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात त्या रविवारी आलं.

बँकेतले भाई मात्र कागदावर आकडेमोड करत बसले होते. ते म्हणाले, सर, हिशेब जुळत नाही. नागरिक तीस हजार धरले तर दहा-दहाप्रमाणे तीन लाख द्राख्मा होतात, सहा हजारांचा एक टॅलंट, म्हणजे पन्नास टॅलंट. मग उरलेले पन्नास कुठे गेले? सरांनी लपवाछपवी केली नाही. दहा द्राख्मा हा आकडा हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचा, १०० टॅलंट हा अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरच्या ग्रंथातला. दोघांचा ताळा बसवायचा हट्ट धरू नका, म्हणाले. जहाजं किती बांधली यावरही तसंच, एक म्हणतो २००, दुसरा १००. शिकवणारा माणूस असं उघड बोलतो तेव्हा बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसतो.

थेमिस्टोक्लिसने लोकांना पटवलं कसं, हे त्याहून महत्त्वाचं. पर्शियाचा राजा येणार अशी भीती त्याला होती, पण सभेत त्याने त्याचं नाव पुढे केलं नाही. पर्शिया लांब होतं. समोरच्या बेटावरच्या ईजायनावाल्यांशी मात्र भांडण चालूच होतं, लोकांचा राग ताजा होता. त्याने म्हटलं, यांच्याशी लढायला जहाजं पाहिजेत. आणि लोकांनी दहा द्राख्मा सोडले. तीन वर्षांत, इ.स.पू. ४८० ला, झर्क्सिस खरोखरच आला. शहर रिकामं करावं लागलं, मागे देवळं जळाली, आणि सालामिसच्या सामुद्रधुनीत त्याच जहाजांनी त्याचं आरमार मोडलं. ग्रीकांच्या बाजूची निम्मी जहाजं एकट्या अथेन्सची होती.

एका जहाजावर वल्ही मारायला १७० माणसं लागत. ज्याच्याकडे चिलखत घ्यायला पैसे नाहीत, शेत नाही, त्यालाही वल्हं मारता येतं. म्हणून सालामिसनंतर सभेत या गरीब माणसांचा आवाज चढला. चांदी माणशी वाटली असती तर दहा-पंधरा दिवसांत संपली असती. जहाजात घातली तर तिने त्याच माणसांना किंमत आणून दिली. हे सरांनी एका वाक्यात सांगितलं आणि चहाला सोडलं. मी चहा घेतला नाही, गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्याच दिवसातली आणखी एक गोष्ट आमच्या वैनींनी पुढे आठ दिवस सगळ्यांना सांगितली. शहर रिकामं झालं तेव्हा अथेन्सच्या बायकामुलांपैकी बरीच ट्रोइझन नावाच्या गावात गेली. त्या गावाने ठराव केला: यांचा खर्च गावाच्या पैशातून, दरेकाला रोज दोन ओबोल (द्राख्म्याहून लहान नाणं), मुलांना कुठल्याही झाडाचं फळ तोडायची मुभा, आणि मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांचा पगारही गावच देणार. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने हे लिहून ठेवलंय. माजी पंचांनी ते वहीत उतरवून घेतलं, मी शेजारी बसून पाहिलं.

पाचव्या रविवारी टेबलावर एक टोपली होती. कुंभारकाकांनी डिचोलीच्या आपल्या भट्टीवरची फुटलेली मडकी आणली होती, तळहाताएवढ्या खापऱ्या करून. प्रत्येकाला एक खापरी, एक खिळा. अथेन्समध्ये वर्षातून एकदा सभेला विचारत, यंदा कोणाला बाहेर घालवायचं आहे का? होय म्हटलं तर पुढे एक दिवस ठरायचा आणि लोक खापरीवर नाव कोरून टाकायचे. एकूण ६,००० खापऱ्या जमल्या पाहिजेत. मग ज्याचं नाव सर्वांत जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. गुन्हा शाबीत करायची गरज नाही. घरदार जप्त होत नाही, दहा वर्षांनी परत येऊन तो नांदू शकतो. आमच्यासाठी सरांचा नियम एकच होता: थेमिस्टोक्लिस नाहीतर त्याचा वैरी अ‍ॅरिस्टायडिस, जिवंत माणसाचं नाव कोणी लिहायचं नाही. दोन माजी पंच एकाच बाकावर बसलेले असताना तो नियम फार शहाणपणाचा होता.

मी थेमिस्टोक्लिस लिहायला घेतलं. खापरीची बाहेरची बाजू गुळगुळीत, आत बोटांचे वळसे तसेच राहिलेले. खिळा ‘थ’च्या गाठीवर घसरला. लाल भुकटी निघाली, ती फुंकायची, पुन्हा रेघ ओढायची. काना दिला तर तो शेजारच्या अक्षरात घुसला. ‘स्टो’ला तर खापरीचा कपचाच उडाला. एक नाव लिहायला मला पाच मिनिटं लागली, बोटाला खिळ्याचा वळ उठला. सगळे जण मान खाली घालून खरडतायत, खोलीत दुसरा आवाज नाही.

सगळ्यांचं झाल्यावर सर म्हणाले, आता ऐका. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० खापऱ्या सापडल्या, सगळ्यांवर नाव थेमिस्टोक्लिसचं. अक्षर तपासलं तर लिहिणारे हात फक्त चौदा. म्हणजे कोणीतरी आधीच बसून ढीगभर तयार करून ठेवल्या होत्या, आयत्या वाटायला. हे आधी सांगितलं असतं तर मी ‘असं का’ म्हणून सोडून दिलं असतं. पण बोट दुखत होतं. गर्दीत उभा असलेला, लिहिता न येणारा किंवा लिहायला कंटाळलेला माणूस, त्याच्या हातात कोणी तयार खापरी दिली तर तो घेणारच, हे मला बोटातून कळलं.

अ‍ॅरिस्टायडिसची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. लिहिता न येणाऱ्या एका खेडुताने त्यालाच न ओळखता खापरी पुढे केली आणि यावर अ‍ॅरिस्टायडिस लिही म्हणाला. का रे बाबा, त्याने काय केलं तुझं? काही नाही, पण जिथे तिथे त्याला ‘न्यायी’ म्हणतात, ऐकून वीट आला. अ‍ॅरिस्टायडिसने काही न बोलता आपलं नाव लिहून दिलं. इ.स.पू. ४८२ ला तो गेला आणि दोनच वर्षांत पर्शियन आले म्हणून परत बोलावला गेला. सालामिसला तो थेमिस्टोक्लिसच्या बाजूने उभा राहिला, ज्याच्याशी त्याचं उभं वैर होतं. आणि थेमिस्टोक्लिस? शहर वाचवणाऱ्या माणसालाही दहा वर्षांच्या आत त्याच खापऱ्यांनी घालवलं. तो फिरत फिरत शेवटी पर्शियाच्याच राजाच्या आश्रयाला गेला आणि तिकडे मॅग्नेशियात मेला. आमच्या वर्गात त्याला सतरा मतं पडली. माझी खापरी मी घरी आणली आहे.

आता एक खटकलेली गोष्ट. चांदीच्या त्या पूर्ण रविवारात आम्ही वाटप केलं, जहाजं बांधली, हात वर केले, पण चांदी काढत कोण होतं हे कोणी बोललं नाही. टिपणांच्या चाळीस पानांतही नव्हतं. मी विचारलं. खाणीत कोण उतरायचं? सरांनी तिथल्या तिथे काहीतरी सांगून वेळ मारून नेली नाही. म्हणाले, सहाव्या रविवारी सांगतो. आणि खरोखर सहाव्या रविवारचा पहिला अर्धा तास त्यांनी त्याला दिला.

खाणीत गुलाम उतरायचे. आमच्यासारखी उघडी खाण नव्हे, डोंगराच्या पोटातले बोगदे, बरेचसे जेमतेम मीटरभर उंच. गुडघ्यांवर, रांगत, तेलाच्या पणतीच्या उजेडात. त्यांना सभेत हात नव्हता, खापरी नव्हती, दहा द्राख्मांत वाटा नव्हता. निकियास हा पुढे शहराचा मोठा पुढारी झाला, देवभोळा, सज्जन म्हणून नाव असलेला. त्याचे एक हजार गुलाम खाणीत भाड्याने दिलेले असत, दर माणशी दिवसाला एक ओबोल, असं झेनोफोन या ग्रीक लेखकाने नोंदवलंय. भाईंनी लगेच हिशेब केला: सहा ओबोलांचा एक द्राख्मा, म्हणजे दिवसाला १६६ द्राख्मांवर, वर्षाला दहा टॅलंट. नुसतं भाडं. वर्गात कोणी काही बोललं नाही. मीही गाडी भाड्याने लावतो, ‘दर दिवसाला इतके’ हे शब्द माझ्या तोंडात रोज असतात, पण गाडीसाठी.

सालामिसनंतरच्या पिढीतला अथेन्सचा मोठा पुढारी पेरिक्लिस, त्याला सव्वा-दीड रविवार मिळाला आणि तो सगळ्यांना आवडला. सगळं सांगत नाही. पार्थेनॉन हे अक्रोपोलिसवरचं देऊळ, इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं. त्याला लागलेला पैसा बऱ्याच अंशी दोस्त शहरांकडून आरमारासाठी म्हणून गोळा केलेल्या वर्गणीतला, म्हणून तेव्हाही सभेत बोंब झाली. त्यावर पेरिक्लिसचं म्हणणं, तुमचं रक्षण आम्ही करतो, बाकीच्याचा हिशेब आम्ही देणं लागत नाही. आणि या कामावर सुतार, पाथरवट, लोहार, दोर वळणारे, रस्ते करणारे, गाड्या हाकणारे सगळे पोसतायत. मला तो शब्द ऐकून बरं वाटलं: गाड्या हाकणारे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत आपला धंदा आहे. संगमरवर पेंटेलिकॉनच्या डोंगरावरून यायचा, सोळा किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी डोंगरावरून खाली आणणं चढवण्यापेक्षा कठीण असतं, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. ब्रेक नसलेल्या बैलगाडीवर पार्थेनॉनच्या खांबाचा दगड उतरवणाऱ्या माणसाचं नाव कोणी ठेवलं नाही.

एका खेचराची गोष्ट मात्र ठेवली आहे. म्हातारं झालं म्हणून कामातून सोडलेलं एक खेचर आपणहून बांधकामावर यायचं आणि ओझी ओढणाऱ्या जनावरांच्या बाजूने, पुढे पुढे, अक्रोपोलिसवर चढायचं. लोकांनी ठराव केला, याला मरेपर्यंत शहराच्या खर्चाने चारा. माझी विकलेली गाडी मला आठवली.

मग स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक शहराशी युद्ध, आणि साथ. इ.स.पू. ४३० ला, तटबंदीच्या आत खेड्यांतले सगळे लोक कोंबलेले असताना, रोग घुसला. पायदळातले ४,४०० आणि घोडदळातले ३०० मेले, बाकीच्यांची मोजदादच नाही. पेरिक्लिसचे दोन्ही मुलगे गेले, ४२९ ला तो स्वतः. वैनींनी हा भाग संपेपर्यंत हातातला रुमाल सोडला नाही. त्याच पेरिक्लिसने इ.स.पू. ४५१ मध्ये कायदा केला होता, आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे त्याला उरला तो फक्त परदेशी अ‍ॅस्पाशियाचा मुलगा, आणि त्याच्यासाठी लोकांकडे सवलत मागायची वेळ आली. लोकांनी दिली. तो मुलगा मोठा होऊन सेनापती झाला आणि इ.स.पू. ४०६ मध्ये, लढाई जिंकूनही बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून, त्याच शहराने त्याला इतरांबरोबर देहदंड दिला. गावकरीत लेकीला हक्क नाही, या विषयावर वैनी त्या दिवशी पोटतिडकीने बोलल्या. तो वाद जिन्यापर्यंत चालला.

आणि आठवा रविवार. इथे माझी खरी तक्रार आहे. पेरिक्लिसनंतरची पंचवीस वर्षं दोन तासांत उरकली. क्लिऑन, निकियास, अल्किबियाडिस, सिसिलीची मोहीम, शरणागती, सगळं धावत. सिसिलीची मोहीम इ.स.पू. ४१५ ची. निकियासने ती नको म्हणून सांगितलं आणि तरी लोकांनी त्यालाच सेनापती करून पाठवलं. दोन वर्षांनी सिसिलीतल्या सिराक्यूज शहरातून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा चंद्रग्रहण लागलं. जाणत्यांनी तीन नव्वे सत्तावीस दिवस थांबा म्हणून सांगितलं, निकियास थांबला, आणि तेवढ्यात बाहेर पडायची वाट बंद झाली. सात हजारांवर माणसं दगडाच्या खाणीत कोंडली. दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी, त्याच्या दुप्पट मापाचं धान्य, वर ऊन, रात्री गारठा, मेलेले तिथेच शेजारी पडलेले. सर हे सांगत होते आणि घड्याळाकडे बघत होते. मी आठवड्यातून चार दिवस चिरेखाणीत गाडी लावतो. मे महिन्यात दुपारी तिथे खाली काय होतं, चारी बाजूंनी कापलेल्या चिऱ्यांच्या भिंती, वारा नाही, जमिनीतूनही उष्मा. मी दहा मिनिटं गाडीच्या सावलीला उभा राहतो. त्या माणसांना मी त्या घाईत सोडून पुढे जायला तयार नव्हतो.

घाईत आणखी एक गोष्ट सुटली, ती मी घरी टिपणांत शोधली आणि पुढच्या आठवड्यात फोन करून सरांना विचारली. इ.स.पू. ४१३ मध्येच स्पार्टाने डेकेलियाला, अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर, कायमचा तळ ठोकला. वीस हजारांवर गुलाम पळून गेले. लॉरियन बंद पडलं. ज्या खाणीतून जहाजं आली होती तीच बंद. काही वर्षांत शहराने देवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवल्या, वर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी काढली. इ.स.पू. ४०४ ला शरणागती. शहरापासून बंदरापर्यंतच्या लांब भिंती बासरीच्या तालावर पाडल्या. ‘खाण बंद पडली’ हे तीन शब्द टिपणांत एका ओळीत येऊन जातात. सर, त्यावर एक पूर्ण रविवार पाहिजे, मी म्हणालो. आमच्या तालुक्यात त्या रविवारी खुर्च्या कमी पडतील.

सरांनी पुढच्या तुकडीला नऊ रविवार करतो म्हणून कबूल केलंय, फी तीच. आयोजकांनी एवढं पाहावं: नकाशा इतका बारीक छापलाय की पन्नाशीपुढच्या माणसाला सालामिस सापडत नाही, टिपणांत एकच नाव दोन पानांवर दोन तऱ्हेने लिहिलंय, आणि सहाला वर्ग सुटेल म्हणून सांगतात, सुटतो साडेसहाला, तेव्हा वाळपईकडच्या मुलांची बस चुकते. दोन वेळा मीच त्यांना सांखळीपर्यंत सोडलं.

मी बायकोचं नाव पुढच्या तुकडीत घातलंय, आणि खुर्ची मिळाली तर चौथ्या आणि नवव्या रविवारी मीही मागे बसणार आहे. जाणाऱ्यांनी खिडकीच्या बाजूला बसावं, पंखा तिकडेच चालतो. आणि पाचव्या रविवारी खिळा घरून न्यावा, तिथले बोथट आहेत.